झैनाबादची बाग आणि घरातली बाई

मागच्या उन्हाळ्यात भाचीच्या लग्नाला बुऱ्हाणपुरातलं आमचं घर पाहुण्यांनी भरून गेलं होतं. अकोल्याच्या, जळगावच्या, कारंज्याच्या, खंडव्याच्या अशा सगळीकडच्या बायका जमल्या होत्या. सूर्य मावळायच्या आत जेवणं आटोपली. पुरुषमंडळी मांडवाच्या कामाला बाहेर गेली आणि आम्ही बायका मोठ्या खोलीत गाद्यांवर बसून मेंदीचे कोन भरत होतो. कुणीतरी टीव्ही लावला, त्यावर जुना 'गुमराह' चालू होता. खंडव्याची जाऊ लगेच म्हणाली, "आमचा अशोककुमार आहे, राहू द्या." तेव्हा राहू दिला.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बी. आर. चोप्रांचा हा सिनेमा १९६३ सालचा. मीनाचं, म्हणजे माला सिन्हाचं, एका गाणाऱ्या कलावंतावर प्रेम असतं. तो सुनील दत्त. पण तिची बहीण दोन लेकरं मागे टाकून जाते आणि त्या लेकरांसाठी मीना आपल्या मेव्हण्याशी, म्हणजे अशोककुमारशी, लग्न करते. पुढे जुना प्रियकर पुन्हा भेटतो, चोरून भेटीगाठी सुरू होतात. मग एक बाई तिला गाठते, "मी त्याची बायको" म्हणून धमकावते, पैसे मागते. मीना भीतीने अर्धी होते. शेवटी कळतं की ती बाई नवऱ्याचीच सेक्रेटरी, त्यानेच लावलेली. ते काम आपल्या सोलापूरच्या शशिकलाने केलंय. मीना प्रियकराला दार बंद करते, घर वाचतं, सिनेमा संपतो. सिनेमाची सुरुवात कशाने होते ठाऊक आहे? सीतामाई आणि लक्ष्मणरेषेने. म्हणजे रेषा कुणासाठी आखली आहे, ते पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकलेलं असतं.

सिनेमा संपला तशी आमची ऐंशीच्या घरातली मामी म्हणाली, "बाईचं पाऊल एकदा घसरलं की घर गेलंच म्हणायचं."

नवरीमुलगी हातावर मेंदी घेऊन बसली होती. तिने मान न वळवता विचारलं, "आणि पुरुषाचं घसरलं तर, मामी?"

"पुरुषाचं काय गं, तो फिरून घरी येतो."

खोलीत एकदम शांतता झाली. त्याला कारण होतं. आमच्याच नात्यातली एक जण तिथे बसलेली होती. तिचं नावगाव मी सांगणार नाही. तिच्या नवऱ्याने कैक वर्षं दुसऱ्या गावात दुसरं बिऱ्हाड थाटलं होतं, आता म्हातारपणी तो परत आला आहे. समाजातल्या वडीलधाऱ्यांनी तेव्हा तिला एकच सांगितलं होतं, "सांभाळून घे." तिने कोनाला टाचणी टोचली आणि हळूच म्हणाली, "फिरून येतो हो. पण मधली वर्षं कोण परत देतं?"

त्या रात्री मला झोप आली नाही. मनात आलं, हा सिनेमा मुंबईचा, पण असली गोष्ट आपल्या गावातही घडलेली आहे. तापीपलीकडे झैनाबादच्या बागेत घडली, साडेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वी. लोक ती 'प्रेमकहाणी' म्हणून सांगतात. मीही लहानपणी तशीच ऐकली. आता मात्र ती पुन्हा सांगावीशी वाटते, घरात राहिलेल्या बाईच्या बाजूने.

*

आधी जागा सांगते. बुऱ्हाणपूर फारुकी सुलतान नासिरखानाने वसवलं, साधारण सहाशे वर्षांपूर्वी. शेख बुऱ्हाणुद्दीन गरीब या संताच्या नावाने तापीच्या या तीरावर बुऱ्हाणपूर, आणि त्यांच्या परंपरेतले शेख झैनुद्दीन यांच्या नावाने समोरच्या तीरावर झैनाबाद. दोन्ही संतांच्या समाधी आपल्या औरंगाबादजवळ खुलताबादला आहेत. पुढे १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला, फारुकी राज्य बुडालं आणि बुऱ्हाणपूर मोगलांचं दख्खनचं ठाणं झालं. शाहजादे इथे सुभेदार म्हणून येत, फौजा इथून दक्षिणेत उतरत. झैनाबादला मोगलांनी हरणं पाळण्याची बाग केली, तो आहुखाना. आहू म्हणजे हरीण.

जून १६३१ मध्ये याच गावात मुमताज महल गेली. चौदावं बाळंतपण होतं तिचं. मुलगी जगली, आई गेली. तिला आधी इथेच, पलीकडे झैनाबादच्या बागेत पुरलं. सहा महिन्यांनी, डिसेंबरमध्ये, तिचं शव आग्र्याला नेलं. त्यावर ताजमहाल उभा राहिला आणि बुऱ्हाणपूर मागे पडलं. आजही बाहेरचा पाहुणा आला की आम्ही त्याला आधी हेच ऐकवतो की ताजमहाल खरा इथे व्हायचा होता. चौदा बाळंतपणांबद्दल मात्र कुणी काही बोलत नाही. मुमताज गेली तेव्हा तिचा मुलगा औरंगजेब बारा वर्षांचा होता.

बावीस वर्षांनी, १६५३ च्या सुरुवातीला, तोच औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा इथे आला. वय चौतीस. आधीच्या चार वर्षांत कंदाहारची मोहीम दोनदा फसलेली, बाप शाहजहान नाराज, थोरला भाऊ दारा बापाच्या मर्जीतला. दौलताबादेकडे लवकर जा म्हणून बादशहाचा तगादा होता, तरी शाहजादा बुऱ्हाणपुरात सुमारे नऊ महिने राहिला. बापलेकांची भांडणं तरी कसली? बुऱ्हाणपुरातल्या बादशहाच्या आवडत्या झाडाचे आंबे थोडेच का पाठवले, यावरूनही त्या काळी पत्रापत्री झालेली आहे. आंब्याची ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

*

हिराबाईची हकिकत फारसी पुस्तकांत दोन तऱ्हांनी येते.

एक 'मआसिर-उल-उमरा'त. अठराव्या शतकात औरंगाबादेत शाहनवाजखानाने लिहिलेला हा मोगल सरदारांच्या चरित्रांचा ग्रंथ आहे. त्यात असं आहे की शाहजादा आपल्या जनान्याबरोबर झैनाबादच्या आहुखान्यात फिरत होता. त्याची मावशी, म्हणजे मुमताजची बहीण, तीही आपल्या बायकांना घेऊन आली होती. त्यांत एक गाणारी होती. आंब्याचं झाड फळांनी लगडलेलं. शाहजादा समोर आहे याची जराही भीडभाड न ठेवता ती पुढे धावली, उडी मारली आणि आंबा तोडला. तेवढ्यावरच शाहजाद्याचं भान गेलं. त्याने मावशीकडे हट्ट धरला आणि तिला मागून घेतलं.

दुसरी तऱ्हा 'अहकाम-इ-आलमगिरी'त आहे. ते पुस्तक हमीदुद्दीनखानाच्या नावावर सांगितलं जातं आणि इतिहासकार जदुनाथ सरकारांनी त्याचं इंग्रजी केलं. त्यात शाहजादा मावशीच्या घरी वर्दी न देता जातो. एक तरुणी झाडाची फांदी धरून मंद आवाजात गात उभी असते. तिला पाहून तो मटकन खाली बसतो आणि बेशुद्ध होऊन पडतो. मावशी अनवाणी धावत येते, त्याचं डोकं छातीशी धरून रडते. मध्यरात्री त्याला वाचा फुटते आणि तो दुखणं सांगतो. मावशीच्या तोंडचं पाणी पळतं. कारण हिराबाई तिच्या नवऱ्याची दासी, आणि नवरा असा तापट की तो आधी हिराबाईला मारील आणि मग मावशीला. शेवटी दिवाण मुर्शिदकुलीखान मध्ये पडतो आणि सौदा ठरतो. हिराबाई शाहजाद्याकडे यायची आणि बदल्यात शाहजाद्याच्या जनान्यातली छत्तरबाई मावशीच्या नवऱ्याकडे जायची.

दोन्ही पुस्तकांत मावशीच्या नवऱ्याचं नावही वेगळं आहे. तपशील कुठला खरा हा पंडितांचा वाद. पण ही बाई होती, गाणारी होती आणि औरंगजेब तिच्यापायी वेडा झाला होता, हे दोन्हीकडे आहे. व्हेनिसहून आलेल्या मनुचीनेही लिहिलं आहे की एका नाचणारीपायी औरंगजेबाचे नमाज-रोजे काही काळ सुटले होते. जदुनाथ सरकारांच्या हिशेबाने हे सगळं १६५३ मधलं, याच नऊ महिन्यांच्या मुक्कामातलं.

आणखी एक प्रसंग सगळे चवीने सांगतात. एके दिवशी हिराबाईने दारूचा पेला भरून शाहजाद्याच्या हाती दिला आणि प्यायचा आग्रह धरला. दारूला कधी न शिवलेला माणूस तो. त्याने विनवण्या केल्या, ती ऐकेना. शेवटी त्याने पेला ओठांपर्यंत नेला, तेव्हा तिने तो झटकन काढून घेतला. तिला त्याला बाटवायचं नव्हतं, फक्त त्याचं प्रेम तपासायचं होतं. भाऊ दाराच्या कानावर हे प्रकरण गेलं तेव्हा त्याने बापाला ऐकवलं की बघा तुमच्या धर्मात्म्याची धार्मिकता, मावशीच्या घरच्या एका दासीपायी पार बुडाला.

हिराबाई फार जगली नाही. थोड्याच काळात ती गेली. औरंगाबादेत मोठ्या तलावाच्या काठी तिला पुरलं. शाहजादा शोकाने हैराण झाला. त्याही दिवसांत तो शिकारीला निघाला म्हणून जवळच्या माणसाला आश्चर्य वाटलं, तर त्याचं म्हणणं असं की घरात रडून मन हलकं होत नाही, रानात एकट्याने रडता येतं.

हा शोक खोटा होता असं मी म्हणत नाही. कुणाचंही दुःख खोटं ठरवायचा आपल्याला अधिकार नाही. पण मैत्रिणींनो, या गोष्टीत किती बायका आहेत ते मोजून पाहू या.

*

पहिली हिराबाई. तिचं मन कुणी विचारलं? बेशुद्ध पडला तो शाहजादा, घाबरली ती मावशी, सौदा ठरवला तो दिवाणाने, होकार दिला तो मालकाने. तिचं नावसुद्धा पुढे पुसलं गेलं. मोगल जनान्यातल्या अशा स्त्रियांना गावांची नावं देण्याची रीत होती, अकबराबादी, औरंगाबादी, उदयपुरी. तशी ही 'झैनाबादी महल' झाली. फांदी धरून गाताना ती काय गात होती, हेदेखील कुणी लिहून ठेवलं नाही. तिच्या स्वतःच्या मर्जीने घडलेल्या दोनच गोष्टी आपल्यापर्यंत आल्या आहेत. एक, तिने आंबा तोडला. दुसरी, तिने पेला पुढे केला आणि मागे घेतला. मला तर वाटतं, जिला उभ्या आयुष्यात कुणी काही विचारलं नाही, तिने त्या एका क्षणी त्याला विचारून घेतलं की तू माझ्यासाठी काय सोडशील.

दुसरी छत्तरबाई. तिच्याबद्दल एक ओळ आहे, की ती बदल्यात गेली. ती रडली का, तिचं लेकरू होतं का, नव्या घरी तिचं काय झालं, काही नाही. या प्रकरणात सगळ्यांत जास्त कुणाचं नुकसान झालं असेल तर तिचं. आणि 'प्रेमकहाणी' सांगताना तिचं नाव नव्वद टक्के लोक गाळूनच टाकतात.

तिसरी बाई या गोष्टीत येतच नाही. ती औरंगजेबाची पट्टराणी दिलरसबानू बेगम. सफवी राजघराण्याच्या वंशातली, १६३७ साली लग्न होऊन आलेली. थोरली मुलगी झेबुन्निसा पुढे कवयित्री म्हणून नावाजली. १६५३ साली दिलरस तिशीतली होती आणि ती कुठे होती हे आपल्याला नक्की ठाऊक आहे. ती बुऱ्हाणपुरात होती. कारण तिचा मुलगा मुहम्मद आजम, ज्याने पुढे १७०७ मध्ये आपल्या शाहू महाराजांना कैदेतून सोडलं तो आजमशहा, याच गावात जन्मला. तारीख २८ जून १६५३.

आता आंब्याकडे या. आमच्याकडे आंबा झाडावर लगडतो तो मे-जूनमध्ये. सरकारांचं साल बरोबर धरलं आणि आंब्याची हकिकत खरी मानली, तर शाहजादा बागेत भान हरपून बसला तेव्हा त्याची बायको एकतर दिवस भरत आलेली होती, नाहीतर नुकती बाळंत झालेली होती. बुऱ्हाणपूरचा उन्हाळा ज्यांनी भोगला आहे त्यांना सांगायला नको. आणि बावीस वर्षांपूर्वी तिची सासू याच गावात, याच जून महिन्यात, बाळंतपणात गेलेली. त्या दिलरसला रात्री काय वाटत असेल? सासूची आठवण घरात निघत नसेल? हा हिशेब मी मनाशी पहिल्यांदा केला तेव्हा माझे हातपाय गार पडले. इतकी वर्षं हकिकत ऐकली, झाड ऐकलं, गाणं ऐकलं, मूर्च्छा ऐकली. पण नदीच्या या काठी एक बाई कळा देत होती, हे कुणी जोडून सांगितलंच नव्हतं.

चार वर्षांनी, सप्टेंबर १६५७ मध्ये, दिलरसला आणखी एक मुलगा झाला, अकबर. महिन्याभरात, ८ ऑक्टोबरला, औरंगाबादेत ती गेली. तिची कबर म्हणजे आपण सहलीला जाऊन फोटो काढतो तो 'बीबी का मकबरा'. मेल्यावर संगमरवर मिळाला. जिवंतपणी तिने काय पाहिलं आणि काय गिळलं, याची नोंद कुठल्याच पुस्तकात नाही.

*

कुणी म्हणेल, त्या काळी हा व्यभिचार नव्हताच, दासी मालकाची, राजाला चार बायका. अगदी बरोबर. तेच तर मला म्हणायचं आहे. पुरुषाचं मन भरकटलं की त्याला 'व्यवस्था' होती. ही फक्त मोगलांची गोष्ट समजू नका. आपल्या वाड्या-पेढ्यांतही 'ठेवलेली' हा शब्द होताच. आपल्या मराठीत तर अशा बाईला 'अंगवस्त्र' म्हणत. अंगावर घेतलं, काढून ठेवलं. पाऊल घसरतं ते बाईचं, वाकडं पडतं ते बाईचं. पुरुषाच्या पावलासाठी भाषेने असे शब्द केलेच नाहीत.

बरं, हे जुन्या काळाबरोबर गेलं म्हणावं तर तसंही नाही. इंग्रजांनी १८६० साली दंडसंहिता केली, तिच्यात कलम ४९७ घातलं. परक्याच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला पाच वर्षांपर्यंत शिक्षा. वाचताना वाटेल, चांगलं आहे की. पण नीट वाचलं की खरा अर्थ कळतो. नवऱ्याची संमती असेल, त्याने काणाडोळा केला असेल, तर गुन्हाच नाही. तक्रार करायची ती त्या बाईच्या नवऱ्याने. आणि ज्याने हे केलं त्या पुरुषाची स्वतःची बायको? तिला तक्रारीचा हक्कच नव्हता. म्हणजे आहुखान्यात जे झालं तेच कायद्याच्या भाषेत लिहिलेलं. मालकाचा होकार असला की सगळं ठीक, आणि दिलरसला कुणी विचारायचं नाही. हे कलम दीडशेहून जास्त वर्षं चाललं. २७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ते रद्द केलं आणि नवरा बायकोचा मालक नव्हे असं सांगितलं. त्या वेळी आपल्यातल्या पुष्कळांनी कपाळाला हात लावला की आता काय, मोकळं रान. तसं नाही. तो तुरुंगाचा गुन्हा राहिला नाही, पण घटस्फोटाचं कारण आजही आहे, आणि नवरा-बायको दोघांनाही ते सारखं वापरता येतं.

'गुमराह' आला त्याच १९६३ साली असाच आणखी एक सिनेमा आला, 'ये रास्ते हैं प्यार के'. त्यातही सुनील दत्त आणि अशोककुमार. नौदलातले कमांडर कावस नानावटी यांच्या खटल्याचा त्याला आधार होता. २७ एप्रिल १९५९ ला मुंबईत त्यांनी बायकोच्या प्रियकराला, प्रेम आहुजाला, गोळ्या घातल्या. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने नानावटींना निर्दोष ठरवलं. उच्च न्यायालयाने ते मानलं नाही, जन्मठेप दिली, १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे १९६४ मध्ये माफी मिळाली. त्या वेळी लोकांची माया नवऱ्याकडे होती. फसवला गेलेला नवरा हा दुःखाचा विषय असतो. आता मनाशी एकच करून बघा, नवऱ्याच्या जागी बायको ठेवा. तिने पिस्तूल उचललं असतं तर आठ विरुद्ध एक झालं असतं का?

*

आपल्याकडे या विषयाची एक फार मोठी कथा आहे, यशोधराची. सोमदेवसूरींनी ९५९ साली 'यशस्तिलक' लिहिलं, पुष्पदंतांनी अपभ्रंशात सांगितली, जन्न कवीने १२०९ मध्ये कन्नडात. मराठी जैन कवींनीही ती गायली आहे. पाठशाळेत आपण सगळ्यांनी ती ऐकली आहे, पण काय ऐकली ते तपासून बघावं.

उज्जयिनीचा राजा यशोधर, राणी अमृतमती. रात्री दूरवरून माहुताचं गाणं ऐकू येतं आणि राणीचं मन तिकडे जातं. माहूत कुरूप, वेडावाकडा. बघा, इथेही गाणंच. हिराबाईचं गाणं ऐकून शाहजादा वेडा झाला ती प्रेमकहाणी, माहुताचं गाणं ऐकून राणी वेडी झाली ते पाप. पाठशाळेत आम्हाला राणीच्या नरकाचं वर्णन तपशिलाने ऐकवलं जायचं.

पण कथा तिथे थांबत नाही. राजा रात्री मागोमाग जातो, सगळं डोळ्यांनी बघतो, तलवार उपसतो आणि आवरतो. इथवर ठीक. पण सकाळी तो खरं बोलत नाही. आईला सांगतो की वाईट स्वप्न पडलं. आई चंद्रमती म्हणते, देवीला बळी दे. तो जीव मारायला तयार नाही, तेव्हा दोघं मिळून पिठाचा कोंबडा करतात आणि तो कापतात. पुढे राणी दोघांना विष घालते. आणि मग जन्मामागून जन्म, मोर, कुत्रा आणि कितीतरी योनी, भटकत कोण राहतं? राजा आणि त्याची आई. कारण कोंबडा पिठाचा असला तरी मारण्याचा भाव खरा होता.

मला या कथेचा गाभा आता समजतो. आचार्यांनी 'बाई वाईट' एवढं सांगायला ही कथा रचली नाही. राणीचं पाप आहेच, ते कुणी नाकारत नाही. पण घर एकटी राणी मोडत नाही. राजा लपवतो, आई शांती करायला सांगते, सगळे मिळून खरं सोडून भलत्याच गोष्टीवर सुरी चालवतात. 'गुमराह'मधला नवरा बायकोला समोर बसवून विचारत नाही, तिच्या मागे दुसरी बाई लावतो. आपल्या समाजात काय करतात? "सांभाळून घे" म्हणतात. तोही पिठाचाच कोंबडा. बळी मात्र खऱ्या जिवाचा जातो.

आणखी एक गोष्ट. श्रावकाच्या पाच अणुव्रतांतल्या ब्रह्मचर्याणुव्रताचं दुसरं नाव काय? स्वदारसंतोष. दारा म्हणजे पत्नी. आपल्या पत्नीत संतोष मानणं. हे व्रत ज्या शब्दांत सांगितलं तो शब्दच पुरुषाला उद्देशून आहे. सात व्यसनांतही परस्त्रीसेवन येतं, जुगार आणि दारूच्या शेजारी. रेषा आधी पुरुषापुढे आखली होती, बायांनो. ती उचलून आपल्या उंबऱ्यात कुणी आणून ठेवली, याचा विचार आपणच करायला हवा. श्राविकेलाही हे व्रत आहेच, ते सोडावं असं मी सांगत नाही. फक्त मोजमाप दोघांना एकच लावा, एवढंच मागणं.

*

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पाहुण्या बायकांना घेऊन मी नदीपलीकडे झैनाबादला गेले. आहुखान्याच्या पडक्या भिंती, कोरडे हौद, वाळलेलं गवत. एक जण म्हणाली, "हीच का ती मुमताजची जागा?" मी हो म्हटलं. मग त्यांना हिराबाईचं सांगितलं, छत्तरबाईचं सांगितलं, आणि नदीच्या अलीकडे बाळंत झालेल्या दिलरसचंही सांगितलं. सगळ्या गप्प उभ्या होत्या.

औरंगजेब १७०७ मध्ये गेला तेव्हा त्याला खुलताबादेत शेख झैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात पुरलं. ज्यांच्या नावाने झैनाबाद वसलं आणि ज्या गावाच्या नावाने हिराबाई 'झैनाबादी' झाली, तेच हे संत. हिराबाईची कबर औरंगाबादेत, दिलरसचीही औरंगाबादेत. तिघांमधलं अंतर दोन-तीन तासांत बघून होईल एवढंच. त्या बाजूला गेलात तर बीबी का मकबऱ्यात फोटो काढण्याआधी घटकाभर थांबा आणि जी तिथे झोपली आहे तिला बुऱ्हाणपूरचा तो जून महिना आठवत असेल का, असं मनात आणून पाहा.

परत येताना पुलावर ती आमची नातलग माझ्याशेजारी बसली होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मामींना हे सांगशील का? माझ्यासमोर सांग."

संध्याकाळी जेवणाआधी मी सांगितलं. मामीने सगळं ऐकून घेतलं, काही उत्तर दिलं नाही. थोड्या वेळाने तिने ताट वाढायला घेतलं आणि पहिलं ताट त्या नातलगीपुढे ठेवलं. घरातल्या पुरुषांच्याही आधी.